पोलोसाठी ब्रेक पॅड: रोज निपाणी-बेळगाव, अधूनमधून कोइम्बतूरचा ट्रॅक

तवंदी_टीएसआय (निपाणी)

नमस्कार मंडळी. गाडी पोलो जीटी टीएसआय, सेकंड हँड घेतलेली. पुढं डिस्क, मागं ड्रम, इंजिनला अजून हात लावलेला नाही. रोज निपाणीहून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येतो. म्हणजे तवंदी घाट, वंटमुरी घाट आणि हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या. मित्रांबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला जाणं असतंच. त्यात आता कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला, जायचा नाद लागलाय.

गेल्या वेळी तिथं सेशन संपता संपता पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दोनदा पंप केलं तेव्हा कुठं गाडी थांबली. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं, गाडी गार झाली आणि पेडल पहिल्यासारखं. पॅड गाडीबरोबर आले तेच आहेत, निम्म्यापेक्षा थोडे जास्त शिल्लक असतील.

आता तीन माणसांचे तीन सल्ले. कोल्हापूरचा एक दुकानदार म्हणतो, सरळ रेसचे पॅड घाल, विषय संपला. मित्र म्हणतो ईबीसी यलोस्टफ घे, दोन्हीकडं चालतात. तिसरा म्हणतो पॅड राहू देत, भोकं पाडलेल्या डिस्क बसव, गार राहतात. गाडी घरात बायकोही चालवते, मुलीला क्लासला सोडायला नेते, त्यामुळं रोजच्या रस्त्यावर ब्रेक लहरी झालेला मला चालणार नाही. रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीला एकच पॅड मिळतो का? सांगा की ओ कुणीतरी.

खानापूर_रोड

पॅड राहू दे, आधी ब्रेक ऑइल बदल मर्दा. मागच्या मालकानं कधी बदललंय ते त्याला तरी आठवतंय का?

उद्यमबाग_ओतकाम

खानापूर रोडवाल्यानं एका ओळीत नेमकं बोट ठेवलंय. मी जरा सविस्तर लिहितो, कारण डिस्क कशाची बनते हे माझं रोजचं काम आहे आणि लोक त्यावर काय काय बोलतात ते ऐकून कान किटलेत.

तुझ्या पोस्टमधलं कामाचं वाक्य एकच, 'पेडल खाली जायला लागलं'. तापल्यावर ब्रेक दोन तऱ्हांनी जातो. पॅड त्याच्या कुवतीपलीकडं तापला तर पेडल घट्टच राहतं. तू जीव खाऊन दाबतोस, पाय कुठंही जात नाही आणि गाडी मात्र सरकत राहते. ऑइल उकळलं तर उलटं होतं. कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडून खाली जातं. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल साळसूदपणे जागेवर येतं. तू लिहिलंस ते सगळं दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यामुळं उद्या सर्वात महागडा पॅड बसवलास तरी त्याच जागी पेडल पुन्हा खाली जाईल. कदाचित जरा लवकरच, कारण चांगला पॅड न फिकीर करता जास्त तापतो आणि ती उष्णता पिस्टनमधून ऑइललाच जाते.

आकडे लक्षात ठेव. डॉट म्हणजे डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. हे बाटली उघडली त्या दिवशीचे. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. आपल्याकडं खानापूर, जांबोटीच्या पावसात गाडी चार महिने ओलीच उभी असते. जुनं डॉट ४ म्हणजे १५५ चं धर. कारीच्या शेवटच्या लॅपला कॅलिपरजवळ एवढं तापमान सहज होतं. मोतुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइल डॉट ४ च्याच जातीचं असतं, नवं असताना ३१२ ला उकळतं आणि पाणी मुरल्यावरही २०५ ला टिकतं. ते घाल आणि ट्रॅकला जाणार असशील तर दर वर्षी बदल. फक्त डब्यावर डॉट ५ लिहिलेलं उचलू नकोस. ते सिलिकॉनचं असतं, ५.१ शी त्याचा काही संबंध नाही, ते तुझ्या सिस्टीममध्ये चालत नाही.

आता चोर्ला आणि कारी यांतला फरक. अकराशे किलोची गाडी १२० वरून ६० वर आणली की साधारण साडेचारशे किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी घाटात सहाशे मीटर खाली उतरवलीस की साडेसहा हजार. म्हणजे अख्खा घाट उतरणं हे असल्या चौदा ब्रेकिंगच्या बरोबरीचं. पण घाट उतरायला अर्धा तास लागतो, खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला बराच भार उचलतं आणि मधे वारा लागतो. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा ट्रॅक. एका लॅपला चार-पाच वेळा जोरात ब्रेक लागतोच, म्हणजे तीन-चार लॅपमध्ये, पाच-सहा मिनिटांत, तू एक चोर्ला घाट उतरतोस. इंजिनची मदत नाही, गार व्हायला लांब सरळ रस्ताही नाही. वेगाचा वर्ग होतो हे शाळेत शिकलेलं इथं पैसे मागतं. १२० ची गाडी थांबवायला ६० च्या चौपट उष्णता लागते, दुप्पट नव्हे.

म्हणून घाटात चांगला वाटणारा पॅड ट्रॅकवर तग धरेलच असं नाही. आणि ट्रॅकवरचा पॅड घाटात बरा वाटेल हे तर बहुतेक वेळा होतच नाही.

रेसच्या पॅडबद्दल दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. त्या मटेरियलला काम करायलाच दोन-अडीचशे अंश लागतात. गार असताना धरत नाही. थंड तव्यावर भाकरी टाकल्यागत, नुसती पडून राहते. तुझा रस्ता बघ. संध्याकाळी बेळगावहून निघालास, वंटमुरी मागं टाकल्यावर संकेश्वर ओलांडेपर्यंत ब्रेकला पाय लागत नाही, पॅड वाऱ्यानं पार गार. तवंदी उतरताना समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. तुला पहिल्याच दाबाला ब्रेक हवा आणि रेसचा पॅड म्हणतो, आधी मला तापव. वर किंचाळतो, डिस्क खातो, पावसात आणखीच उशिरा धरतो. ज्या गाडीतून पोरगी क्लासला जाते त्या गाडीला हा पॅड नको. यावर माझ्याकडून वाद नाही.

पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं बघायची सवय लाव, एफएफ, जीजी असं काहीतरी. पहिलं अक्षर गार असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यासाठी पहिलं अक्षर एफ किंवा त्याच्या वरचं असावं. पण ती 'गरम' चाचणी ३४३ अंशापर्यंतच असते. ट्रॅकवर डिस्क त्याच्या कितीतरी पुढं जाते. म्हणजे ही अक्षरं तवंदीचा पॅड निवडायला उपयोगी, कारीचा निवडायला नाहीत. कारीसाठी कंपनीचा तापमानाचा तक्ता मागायचा. दुकानदार तो देत नसेल तर दुकान बदलायचं.

आणि जास्त घर्षणांक म्हणजे गाडी लवकर थांबते हाही गैरसमज. तुझ्या गाडीचं एबीएस आत्ताच्या पॅडवर थरथरतं ना? मग चाक लॉक करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आहेच. पहिल्या ब्रेकला गाडी किती अंतरात थांबणार हे टायर ठरवतो. पॅडची परीक्षा विसाव्या ब्रेकला.

जांबोटी_वळण

काकांशी नव्वद टक्के सहमत, पण शेवटी हा पोरगा ट्रॅक डेलाच चाललाय, चॅम्पियनशिपला नाही. वीस मिनिटांचं सेशन, मग तासभर विश्रांती. मी माझ्या स्विफ्टला यलोस्टफ घातलेत, चोर्ला आणि ट्रॅक दोन्ही त्यावरच. सकाळी जांबोटीच्या धुक्यात पहिल्या ब्रेकलाही धरतात. फेरोडो डीएस२५०० पण याच वर्गातले, अनेक जण रस्त्यावर वापरतात. या वर्गातल्या कुठल्याही पॅडची काळी धूळ व्हीलवर बसतेच आणि अधेमधे चिरकतातही, ते सोसायचं. चेन्नईच्या ट्रॅकवर मात्र मी जपून असतो. तिथं ३.७ किलोमीटरचा लॅप, वेग जास्त, कॉर्नरला येताना मोजून ब्रेक लावायला लागतो.

रस्त्याला एक, ट्रॅकला एक असे पॅडचे दोन सेट बाळगा म्हणणारे लोक पिटमध्ये जॅक शोधत फिरताना बघितलेत. आपल्याला गाडी चालवायची हौस आहे, मेकॅनिक व्हायची नाही.

तवंदी_टीएसआय

काका, बरोबर धरलंत. मागच्या मालकाला फोन केला. ब्रेक ऑइल म्हटल्यावर तो म्हणाला, "ते पण बदलायचं असतं?" म्हणजे गाडी कारखान्यातून आली तेव्हाचंच असणार. रविवारी झाकण उघडून बघितलं, चहापेक्षा काळं आहे.

आता तीन गोष्टी विचारतो. एक, भोकाच्या डिस्कचं काय? दोन, पुढं तगडे पॅड आणि मागं तेच जुने ड्रमचे शू, हे चालतं का? तीन, मी कुठल्या गटात आहे हे ठरवायचं कसं? म्हणजे जांबोटीवाल्यांसारखा एकच पॅड पुरे, की दोन सेट घ्यायचे?

उद्यमबाग_ओतकाम

जांबोटीवाल्यांचं म्हणणं मी खोडत नाही. त्यांचा पॅड रस्त्याचा धरून ट्रॅकवर नेलेला आहे. ट्रॅकचा पॅड रस्त्यावर आणण्यापेक्षा ही दिशा बरोबर आहे.

भोकाची डिस्क घेऊ नकोस. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे साध्या बिडाची असते. आमच्याकडं शिकाऊ पोराला पहिला धडा हाच देतो. कास्टिंगवर हातोडा मार, एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं बीड) असेल तर ठण्ण वाजतं, ग्रे आयर्न असेल तर ठप्प होतं. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पातळ पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, ते आवाज गिळतं. तेच पापुद्रे उष्णताही चटकन वाहून नेतात. म्हणून एसजी ताकदीला जास्त असूनही ब्रेक डिस्क ग्रेचीच करतात. पण त्याच पापुद्र्यांमुळं हे लोखंड ताण सोसत नाही. त्यात भोक पाडलंस की तापणं-गार होणं चालू असताना पहिला तडा भोकाच्या कडेलाच जातो. वर तेवढं लोखंड कमी झालं, म्हणजे उष्णता साठवायला वजनही कमी. साधी व्हेंटिलेटेड डिस्क घे, नामांकित कंपनीची. मधल्या वाऱ्याच्या वाटा कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा) घालून ओतलेल्या असतात. त्या एकसारख्या आहेत का, कोअर सरकून एक बाजू जाड नि एक पातळ झालीय का, ते दुकानातच कडेनं डोळा लावून बघ. दोन मिनिटांचं काम आहे, गिऱ्हाईक कधी करत नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ट्रॅकला जाणाऱ्यानं त्या आकड्याच्या जवळ जाऊ नये.

डिस्कवर निळे-काळे ठिपके दिसले तर ते पुसून जात नाहीत. सातशे अंशाच्या पुढं गेलेल्या जागी लोखंडाची रचना बदलून ते कडक होतं. टर्नरला विचार, असल्या हार्ड स्पॉटवर टूलचं टोक उडतं. आजूबाजूचं झिजतं, ठिपका झिजत नाही, मग पेडल थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. नुसती थरथर असेल, ठिपके नसतील, तर बहुतेक वेळा पॅडचं मटेरियल कुठं जास्त, कुठं कमी चिकटलेलं असतं. ट्रॅकवरून तापलेली गाडी पिटमध्ये आणून ब्रेक दाबून उभी ठेवली की हेच होतं. म्हणून शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मार. पिटमध्ये गाडी पी मध्ये (मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये) ठेव, चाकाला दगड लाव, हँडब्रेक ओढू नकोस.

पुढं तगडे, मागं तेच शू, चालतं. नवा पॅड आधीच्यापेक्षा फारच चावरा असेल तर पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि एबीएस लवकर जागं होतं, एवढंच. पावसात ते जाणवेल. म्हणूनही यलोस्टफसारखा मधल्या वर्गातला पॅड बरा.

तू कुठल्या गटात, हे अंदाजानं ठरवू नकोस. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचा तापमानाचा रंग मिळतो. हिरवा ४३० ला रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. नवं ऑइल घालून एक ट्रॅक डे आहे त्याच पॅडवर कर, सेशन लहान ठेव. नुसता हिरवा बदलला तर जांबोटीवाल्यांचा मार्ग धर, डोळे झाकून. नारिंगी बदलला तर मधल्या वर्गातला पॅड काठावर आहे. लाल गेला तर दोन सेट, त्याला इलाज नाही. मला स्वतःला वाटतं की पोलोवर, कारीला, तुझ्या आत्ताच्या हातानं, तू हिरव्या-नारिंगीच्या मधे असशील.

हुक्केरी_सिंगल_सिलिंडर

मधे तोंड घालतो. बाईकला हेच लागू का? आमच्या ग्रुपमध्ये सगळे सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले पॅड) घाल म्हणतात.

उद्यमबाग_ओतकाम

बाईकचं वेगळं. सिंटर्ड पॅड गार असताना आणि पावसातही चांगला धरतो, बऱ्याच मोठ्या बाईक कारखान्यातूनच तो घेऊन येतात. एचएच लिहिलेला म्हणजे दोन्ही अक्षरं ०.५५ च्या वर. फक्त तुझी डिस्क सिंटर्डसाठीच बनवलेली आहे का ते बघ, नाहीतर डिस्क लवकर खाईल. तू नवा धागा काढ, तिथं लिहितो.

तवंदी_टीएसआय

ठरलं मग. ऑइल आधी, रंग लावून एक ट्रॅक डे, मग पॅड. समजा दोन सेटची वेळ आली तर अदलाबदल घरी जमेल का? आणि नवे पॅड 'बसवून घ्यायचे' म्हणजे नेमकं काय करायचं? कारण मेकॅनिक म्हणतो, चालवत राहा, आपोआप बसतात.

उद्यमबाग_ओतकाम

जमेल. कॅलिपर मागून दोन पिनांवर असतो. पिना सोडवून कॅलिपर उचलायचा, पण होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधायचा. पिस्टन आत ढकलताना वरची टाकी उघडून बघ, ऑइल वर येतं, ते बॉडीवर सांडलं तर रंग खातं. पिना साफ करून रबराला चालणारं ग्रीस लाव. सगळं झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप कर. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. हे विसरून अंगणातल्या गेटवर गेलेल्या गाड्या गॅरेजवाल्यांना विचार.

दोन सेटची खरी अडचण वेगळीच आहे. तापल्यावर पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि ब्रेक त्याच थरावर चालतो. 'बसवून घेणं' म्हणजे हाच थर एकसारखा चढवणं. ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम जोरानं ब्रेक लाव, मधे थोडं अंतर जाऊ दे. वास येईल, येऊ दे. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला पाय न लावता गाडी गार होईपर्यंत चालव. आपोआप बसतात म्हणणाऱ्याचे पॅड शहरात जेमतेम तापतात, मग पहिल्या मोठ्या ब्रेकला नव्या पॅडमधलं रेझिन जळून त्याचा वायू मधे येतो आणि गाडी घसरते. हे हायवेवर ट्रकच्या पुढं करू नकोस, पहाटे मोकळा रस्ता बघून, मागं कुणी नाही हे आरशात बघून कर.

आता एका पॅडच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड घासलास की दोघांचं जमत नाही, थरथर आणि आवाज सुरू. म्हणून दोन सेटवाल्यांनी शक्यतो डिस्कचीही जोडी वेगळी ठेवावी, नाहीतर एकाच कंपनीच्या एकाच कुळातले दोन पॅड घ्यावेत. हा खर्च बघितला की जांबोटीवाल्यांचा एकच पॅड आणखी बरा वाटायला लागतो, हेही खरं.

जांबोटी_वळण

बघा, काका माझ्याच बाजूला आले शेवटी.

उद्यमबाग_ओतकाम

बाजू नाही, हिशोब आहे. आणि तवंदी, आत्ताचे पॅड निम्म्याच्या थोडे वर आहेत म्हणालास. पुढच्या ट्रॅक डेला निघताना मोजून बघ. निम्म्याच्या खाली गेलेला पॅड घेऊन कोइम्बतूरला जाऊ नकोस, कारण मटेरियल पातळ झालं की उष्णता पाठीच्या पत्र्यातून थेट पिस्टनला लागते आणि नवं ऑइल घातलं असलं तरी परत तेच पेडल. ऑइल बदलताना चारही चाकांतून काढायला सांग, आणि जुनं काळं पूर्ण निघून स्वच्छ ऑइल येईपर्यंत समोर उभा राहा. टाकीतलं तेवढं बदलून बिल करणारे आहेत.